नसीमभाभीची अकरा गिऱ्हाइकं

दात पांढरे करायचं जेल शिरूरमध्ये पहिल्यांदा मी आणलं, असं मी बरीच वर्षं मिरवत होते. खरंखोटं तपासायला कुणी गेलं नाही. त्या वेळी गावात दातांचे दवाखाने बोटांवर मोजण्याइतके, आणि आम्हा सगळ्यांचा दिवस दात काढण्यात नाहीतर कवळ्या बसवण्यात जायचा. आठवड्याचे चार दिवस मी शिरूरला असायची. मंगळवार-शुक्रवार दौंड. एसटीनं न्हावरा, चौफुला, पाटस करत जायचं आणि संध्याकाळी तसंच परत. पेशंट यायचा तो गाल सुजल्यावरच. नुसते दात चांगले दिसावेत म्हणून माझ्या खुर्चीत कुणी बसेल, असं मला नव्वद सालच्या सुमाराला कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

पण पुढच्या दहा-बारा वर्षांत रांजणगाव-शिक्रापूरकडे कारखाने वाढले. मुली कामाला जाऊ लागल्या. त्यांच्या गळ्यात फोटोची ओळखपत्रं आली, लग्नात व्हिडिओवाला आला, आणि "मॅडम, दात पांढरे करून मिळत्यात का?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडायला लागला.

त्याआधी लोक आपल्या परीनं करतच होते. राखुंडी, मीठ, लिंबू, विटेची भुकटी. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला एक माणूस पोतं टाकून बसायचा. काडीला कापूस गुंडाळलेला, कापसावर बाटलीतलं पिवळसर पाणी. दातावरून एकदा फिरवलं की डाग गेला. बघणारे तोंडात बोट घालायचे. ते पाणी म्हणजे ॲसिड. डागाबरोबर दाताचं वरचं कवचही तो खरवडून न्यायचा. पंधरा दिवसांनी तीच माणसं माझ्याकडे यायची आणि गार पाण्याचा घोट घेतला की खुर्चीतून उठून उभी राहायची.

म्हणून जेलचं मला अप्रूप वाटलं. जखमेवर घातलं की फसफसतं ते औषध सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जेल त्याच कुळातलं. ते दाताला खरवडत नाही. दाताच्या आत जाऊन तिथल्या रंगाचे तुकडे करतं. मी वापरायची ते दहा टक्क्यांचं, सौम्य. दातांचं माप घेऊन पातळ प्लास्टिकचा साचा बनवायचा, त्यात एकेका दातासमोर तांदळाच्या दाण्याएवढं जेल घालायचं, आणि पेशंटनं तो साचा घरी रोज काही तास घालून बसायचं. असं दोन-तीन आठवडे. त्याआधी दात साफ करायचे, कीड भरायची, कुठे चीर आहे का बघायचं. गरोदर बाई असली तर सरळ नाही म्हणायचं. दात थोडे दिवस शिवशिवतात, मग थांबतात. वयाचा आणि चहाचा पिवळेपणा छान निघतो. बोअरच्या पाण्यानं लहानपणी पडलेले तपकिरी डाग मात्र हट्टी. आणि कॅप, सिमेंट, कवळी यांच्यावर जेलचा काडीचाही परिणाम होत नाही.

हे शेवटचं वाक्य मी बजावून सांगायला शिकले ते एका आप्पांमुळे. त्यांनी सुनेचं जेल पंधरा दिवस आपल्या कवळीला लावलं आणि काही फरक नाही म्हणून माझ्याकडे भांडायला आले. "आप्पा, हे दात मीच दिलेत तुम्हाला," मी म्हटलं, "ते जेवढे पांढरे असायचे तेवढेच राहणार." तर म्हणाले, "मग देतानाच जरा उजळ द्यायचे हुते की."

मला जी गोष्ट सांगायची आहे ती मात्र वेगळी आहे. ती नसीमभाभीची.

नसीमभाभीचं पार्लर एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. घरातल्या पुढच्या खोलीत एक आरसा आणि एक खुर्ची, एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. त्यांचे मालक टेम्पो चालवायचे. भाभी सातवी शिकलेल्या. पुण्याला तीन महिने रोज जाऊन-येऊन त्या पार्लरचं काम शिकल्या होत्या. माझ्या निम्म्या बायका पेशंट त्यांचीच गिऱ्हाइकं. चेहऱ्याला मसाज करता करता त्यांचं लक्ष तोंडाकडे जायचं आणि त्या चिठ्ठीशिवाय पाठवून द्यायच्या: "मॅडमकडं जा, वास येतोय तोंडाला, कायतरी हाय आत." दहातल्या नऊ वेळा काहीतरी असायचंच.

एका दुपारी त्या दवाखान्यात आल्या. माझी एका दाताची नस काढणं चाललं होतं, बाहेर आठ-दहा माणसं बसलेली. भाभी दारातच उभ्या राहिल्या. हातात पिशवी, पिशवीत एक खोकं.

"मॅडम, एक मिनिट. पुण्याचा एक माणूस ह्ये देऊन गेलाय. दात पांढरं करायचं जेल. संगं निळा दिवा बी हाय. लावू का गिऱ्हाइकांस्नी? काय व्हणार न्हाई ना?"

मी मान वर केली नाही. "जेल ना? मीपण तेच वापरते. काही होत नाही. फार वेळ ठेवू नका म्हणजे झालं."

"खोकं बघता का जरा? समदं इंग्रजीत हाय."

"नंतर बघू, भाभी. हात गुंतलेत माझे."

त्या "बरं" म्हणून गेल्या. नंतर बघायचं माझ्या डोक्यातून गेलं, आणि एकदा मी हो म्हटल्यावर पुन्हा कशाला विचारायचं, असं त्यांना वाटलं असणार. या संभाषणाला एक मिनिटही लागलं नसेल. पण ते मला शब्दन्शब्द पाठ आहे.

दोन-अडीच महिन्यांनी, रविवारी सकाळी, माझ्या घराची बेल वाजली. दवाखाना खाली, आम्ही वर राहायचो. दारात भाभी आणि त्यांच्यासोबत विशीतली एक मुलगी. तिनं ओढणीनं नाकापासून खाली तोंड झाकून घेतलेलं. डोळे रडून लाल.

"मॅडम, दवाखाना उघडा," भाभी म्हणाल्या. "माझ्या हातनं चूक झालीय."

खुर्चीत बसवून मी ओढणी काढली. वरच्या सहा दातांच्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. ओठाच्या आतलं कातडं सुटून लोंबत होतं. मुलगी म्हणाली, "पानीबी जाईना, मॅडम." एवढं बोलतानाही तिनं तोंडावर हात धरला.

तिचं नाव मनीषा. गाव इनामगाव. शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडायचं काम करायची आणि तिथंच चार मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. लहानपणी वस्तीवरच्या बोअरचं पाणी पिऊन तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे पडले होते. कारखान्यात नव्या येणाऱ्या मुलींना काम शिकवायला तिची निवड झाली होती. हात चांगला होता तिचा. पण पहिल्या दिवशी तीस मुलींपुढे उभी राहिली आणि बोलेना. बोलायचं तर तोंडावर हात हवा, आणि वायर कशी जोडायची ते दाखवायला दोन्ही हात हवेत. सुपरवायझर म्हणाला, पंधरा दिवस देतो, जमलं तर बघ, नाहीतर दुसरीला सांगतो. ती तडक नसीमभाभीच्या पार्लरला आली होती.

"ते खोकं आणलंय का?" मी भाभींना विचारलं.

त्यांनी पिशवीतून काढून दिलं. मी पहिल्यांदा त्याच्यावरचं वाचलं. पस्तीस टक्के, आणि तेही माझ्या जेलमधल्यापेक्षा कितीतरी जहाल रसायन. हे दवाखान्यात वापरायचं असतं. त्यासाठी आधी हिरड्यांवर संरक्षक थर चढवतात, ओठ बाजूला धरतात, मिनिटं मोजतात. खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं, इंग्रजीत. निळ्या दिव्याचा तर उपयोग फारसा नाहीच. बघणाऱ्याला काहीतरी मोठं चाललंय असं वाटतं इतकंच.

मी हिरड्या सलाईननं धुतल्या, सुटलेलं कातडं अलगद काढलं, थंडावा आणणारं मलम लावलं. आठ-दहा दिवस तिखट नाही, गरम नाही, ब्रश मऊ. "भरून येईल," मी मनीषाला सांगितलं, "हिरड्या पटकन भरतात. खूण राहणार नाही." ते खरं होतं. पण ते ऐकून तिला जेवढा धीर आला, तेवढा मला आला नाही.

दुपारी तिचा थोरला भाऊ आला. सिद्धार्थ, शिरूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "जयभीम, मॅडम," म्हणून बसला आणि म्हणाला, "मला लेखी पायजे. कुठलं औषध, किती जोराचं, काय झालं. गाडीत चुकीचं आईल पडलं तर आम्ही लिहून ठेवतो. न्हाईतर तीच चूक दुसऱ्या गाडीला व्हती."

मग भाभींकडे वळला. "तुम्हाला कुणी सांगितलं ह्ये लावायला?"

भाभी भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी न्हाई, दादा. माझं मीच लावलं. मला वाचता येत न्हवतं तर मी लावायलाच नको हुतं. काय करायचं ते करा. मी कुठं जात न्हाई, पार्लर हितंच हाय."

मी टेबलावर कागद ओढला आणि लिहिलं. औषधाचं नाव, जोर, झालेली इजा, केलेला उपचार. सगळं बरोबर. माझ्या तोंडून गेलेल्या दोन वाक्यांविषयी मात्र एक अक्षर नाही. सही केली, शिक्का मारला आणि कागद त्याच्या हातात दिला. चाळीस हजारांवर तोंडं बघितली असतील मी आयुष्यात, पण त्या सहीइतकी लाज मला कधी वाटली नाही.

ती दोघं गेल्यावर मी भाभींना विचारलं, "माझं नाव का नाही घेतलं तुम्ही?"

त्यांनी पदर झटकून घेतला. "घेऊन काय झालं असतं? तुम्ही न बघता बोलल्या, ते तुमचं तुम्हाला ठावं. लावलं तर म्याच ना. आन् बायकांनी माझ्याकडं यायचं सोडलं तर भुवया वाढतील, दुसरं काय? तुमच्याकडं यायचं सोडलं तर दात सडतील, मॅडम. लई मुश्किलीनं यायला लागल्यात."

मग त्याच पुढे म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. मला सांगा, बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्या?"

"मनीषा धरून अकरा जणींस्नी लावलंय म्या. कुणी तक्रार घेऊन आली न्हाई. पण ही बी मी बोलावली म्हणून आली, न्हाईतर खोलीवर रडत बसली असती. बाया सोसतात, मॅडम. तुम्ही बघून घेता का सगळ्यांस्नी? मी आणते."

आणि त्यांनी आणल्या. मी डॉक्टर, मला शिकवलेलं असतं की आपल्या हातून काही बिघडलं तर तपासत राहायचं. किती डॉक्टर दारोदार जाऊन ते करतात? सातवी शिकलेल्या या बाईनं डोक्यातल्या आठवणीवर अकरा जणींची यादी केली. कोण कुणाची जाऊबाई, कुठल्या गल्लीतली, कुठल्या लग्नाच्या वेळी आली होती. रोज पार्लर दुपारी बंद करून निघायच्या. कुणाच्या घरी सासू बाहेर यायची, कुणाचा नवरा. प्रत्येक दारात त्यांनी तेच वाक्य सांगितलं: "म्या लावलं ते औषध जहाल हुतं, मला ठावं न्हवतं. चला, डॉक्टरला दाखवू." दोन ठिकाणी त्यांना शिव्या बसल्या. एका घरातून पाण्याचा तांब्या बाहेर भिरकावला गेला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्याच घरी गेल्या.

गावभर बभ्रा झाला, तो त्यांनी स्वतःच केला म्हणायचा. पार्लरमधली गर्दी ओसरली. लग्नाच्या दिवसांत जिथं बाहेरच्या बाकावर बायका बसायच्या, तिथं बाक रिकामा. मालक एकदा मला रस्त्यात भेटले, तेव्हा एवढंच म्हणाले, "ती ऐकत न्हाई, मॅडम. आन् तिनं ऐकू बी नये."

तो पुण्याचा विक्रेता त्याच सुमाराला परत आला. भाभींनी त्याला आरशासमोर बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "पैलं तुमच्या दाताला लावू, मग नवं खोकं घेते." त्यानं चहा अर्धा ठेवला आणि निघून गेला.

दहा जणी महिन्याभरात तपासून झाल्या. चौघींना काहीच नव्हतं. तिघींच्या हिरड्यांना झालं होतं आणि आपोआप भरूनही आलं होतं. दोघींचे दात शिवशिवत होते, त्यांना औषध दिलं. मनीषा बरी झाली होती. राहिली अकरावी.

अकरावीचं फक्त नाव माहीत होतं, सुनीता. दौंडला दिलेली. मामेबहिणीच्या हळदीला शिरूरला आली होती, तेव्हा बाकीच्यांबरोबर तिनंही लावून घेतलं होतं. मामेबहीण लग्न होऊन लांब गेलेली, मामाकडचे काही सांगेनात. भाभींना आठवत होतं इतकंच, की नवरा रेल्वेत आहे आणि पुढचा एक दात जरासा तिरका आहे.

"शुक्रवारी तुमच्यासंगं येते," त्या म्हणाल्या.

दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. रेल्वेत नवरा असलेल्या सुनीता तिथं किती असतील! मी दवाखान्यात पेशंट बघायची आणि भाभी रेल्वेच्या क्वार्टरांमधून फिरायच्या. भाजीवालीला विचार, पिठाच्या गिरणीत विचार, नळावर विचार. पहिल्या शुक्रवारी नाही सापडली. मंगळवारी नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. येताना एसटीत त्या चप्पल काढून पाय चोळत बसायच्या. मी म्हटलं, "भाभी, दहा जणी बऱ्या आहेत. हीसुद्धा असेल."

"असंल," त्या म्हणाल्या. "बघितल्यावर तसं म्हणू."

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. टोचायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

पाचव्या खेपेला सापडली. एका बांगडीवाल्या मावशीनं सांगितलं, "तोंड झाकून हसती ती सुनीता का?" भाभी तिला दवाखान्यात घेऊन आल्या तेव्हा पाचचा सुमार असेल. बारीक अंगाची, नवी नवी संसाराला लागलेली मुलगी. पुढचा तिरका दात करडा पडला होता, आणि त्याच्यावरच्या हिरडीवर पुळी होती. लहानपणी ती झाडावरून पडली होती आणि त्या दाताला चीर गेली होती. त्या चिरेतून जेल आत गेलं असणार. केवळ जेलमुळेच नस मेली असं मी छातीठोक सांगणार नाही. दात आधीच कमजोर होता. पण म्हणूनच तर आधी बघायचं असतं.

"दुखत नव्हतं?" मी विचारलं.

"लई दुखायचं. पण सांगू कुणाला? दात पांढरं करायला गेली आन् काळा करून आली, असं म्हणतील सासरी." मग ती भाभींकडे वळली. "तुम्ही एवढ्या लांबून मला हुडकत आल्या?"

"मंग? दात माझ्या हाताखाली दुखला ना तुझा."

तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. "सुनीता," मी म्हटलं, "भाभींनी मला आधी विचारलं होतं. खोकं दाखवायला आणलं होतं. मी न बघता हो म्हणाले. चूक माझीही आहे." सुनीतानं भाभींकडे बघितलं. भाभी एकदम खाली बघायला लागल्या.

तो दात वाचला. नस काढली, पू गेला, पुळी बसली. मग मी त्या दाताच्या आतच रंग काढणारं सौम्य औषध भरून वरून सिमेंटनं बंद केलं. दर आठवड्याला बदललं. चौथ्या खेपेला तिरका दात शेजारच्या दातांच्या रंगाला आला. म्हणजे रंग काढणारी औषधं वाईट नसतात. किती जोराचं, कुठल्या दाताला, कुणाच्या हातून आणि आधी काय बघून, एवढ्यावर सगळं ठरतं. हे मी पुस्तकात शिकले होते. मला कळलं ते नसीमभाभींबरोबर दौंडच्या पाच खेपा केल्यावर.

मनीषाच्या हिरड्या भरल्यावर तिनं पुन्हा विचारलं, "मॅडम, आता डाग?" मला तिचं कौतुक वाटलं. एवढं सोसून दुसरी कुणी दातांच्या डॉक्टरच्या वाऱ्याला उभी राहिली नसती. मी कारखान्याच्या नावानं पत्र दिलं, सुपरवायझरनं मुदत वाढवली. बारीक भुकटीच्या लेपानं तपकिरी पट्टे थोडे थोडे घासले, मग दहा टक्क्यांचं जेल साच्यातून पाच आठवडे. पहिल्या आठवड्यात दातांवरचे पांढरे ठिपके आणखीच उठून दिसायला लागले. तसं होणार हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती घाबरली नाही. शेवटी दात जाहिरातीतल्यासारखे शुभ्र झाले नाहीत. पट्ट्यांची साईच्या रंगाची सावली उरली, ती जवळून पाहिलं तरच दिसायची. मनीषानं आरशात बराच वेळ बघितलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाली, "एवढं बास हाय." पुढच्या सोमवारी ती तीस मुलींपुढे उभी राहिली. मागच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं म्हणे.

त्या रविवारी मी आणि नसीमभाभी इनामगावला गेलो. भाभींना मी कारण सांगितलं नव्हतं. मनीषाच्या आईला भेटू, एवढंच म्हटलं होतं. घर नदीच्या अंगाला, अंगण सारवलेलं. सिद्धार्थ सुट्टीवर घरीच होता, मनीषाही आली होती. चहा झाल्यावर मी त्याला म्हटलं, "मी दिलेला तो कागद जपून ठेवलाय का?"

"ठेवलाय की. का?"

"आण. त्यात एक ओळ लिहायची राहिली आहे."

त्यानं पत्र्याच्या पेटीतून कागद आणला. मी लिहिलं: 'हे औषध वापरण्याआधी पार्लरच्या मालकीणबाईंनी मला दाखवायला आणलं होतं. मी न तपासता चालेल असं सांगितलं.' खाली सही केली आणि त्याच्याकडे दिला.

भाभी म्हणाल्या, "मॅडम, ह्ये कशाला?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दारोदार फिरताना ते आलं नव्हतं.

सिद्धार्थनं ती ओळ दोनदा वाचली. माझ्याकडे बघितलं, भाभींकडे बघितलं. "तुम्ही त्या दिवशी भिंतीला टेकून सगळं आपल्या अंगावर घेतलंत," तो भाभींना म्हणाला, "आन् मी तुम्हाला बसा बी म्हटलं न्हाई." मग मला म्हणाला, "मॅडम, मला राग आलाय. खोटं कशाला बोलू? पर आता कागद पुरा झाला."

मनीषाची आई चुलीपुढून उठली. साठीची बाई, बोटं मिश्रीनं काळी झालेली. ती सरळ उंबऱ्याबाहेर, उन्हात, पायरीवर जाऊन बसली.

"या हिकडं," मला म्हणाली. "दोन वर्सं झाली, ह्या गालात आतनं खरखरतंय. पोरगा म्हणतोय दाखव, दाखव. म्या कुणाला दाखवलं न्हाई. डाक्टर खरं सांगत न्हाईत, असं वाटायचं." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुम्ही बघा."

माझी बॅग शिरूरलाच राहिली होती. नसीमभाभींनी पर्समधून छोटा आरसा काढला, तिच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि ऊन आरशावर घेऊन तिच्या तोंडात सोडलं. मी हात धुऊन आले. गाल बोटानं बाजूला केला, जीभ वर घ्यायला सांगितली, डावी-उजवीकडची सगळी आतली कातडी बोटानं चाचपली. भाभींचा हात अवघडला, तरी त्यांनी उजेड हलू दिला नाही. डावीकडे, मिश्रीचं बोट फिरायचं त्या जागी, नखाएवढा पांढरट चट्टा होता. अशा चट्ट्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो; हा अजून मऊ, अजून वेळ हातात असलेला.

"काय हाय?" आईनं विचारलं.

मी आणखी एकदा बघितलं. मग सांगितलं.